कशाचे टक्के

बागुल सर फळ्यावर आकडा लिहिण्याआधी
दर वेळी खडू थांबवून विचारतात:
कशाचे?
वीस टक्के, बरं. पण कशाचे?
मागच्या बाकावरून कुणी उगाच 'शंभराचे' म्हणालं
की खडू तिकडेच जातो.

मागच्या वर्षी मला एकसष्ट पडले.
पर्सेंटाइल.
गल्लीत येईपर्यंत त्याचे टक्के झाले,
आणि फर्स्ट क्लास आली म्हणून
छबूमावशी शिऱ्याची वाटी घेऊन आली.
मी समजावत बसले: मावशी, तसं नाही,
शंभरातले एकसष्ट माझ्या मागे आहेत.
मग पुढे किती?
एकोणचाळीस.
आणि जागा?
शिरा तिने परत नेला नाही, एवढं खरं.

पुस्तकात एक माणूस राहतो.
साखर पंचवीस टक्क्यांनी महागली
की तो वापर बरोब्बर वीस टक्क्यांनी कमी करतो.
त्याच्याकडे पाहुणे येत नसावेत.
तो दोन घड्याळं एकाच किमतीला विकतो,
एकावर वीस टक्के नफा, दुसऱ्यावर वीस टक्के तोटा,
आणि हिशोब बसला असं वाटत असतानाच
शंभराला चार रुपयांनी बुडतो.
तरी पुढच्या पानावर त्याच्याकडे
आणखी दोन घड्याळं असतात.
पाऊण मिनिटात त्याचं दुःख सोडवायचं,
गोल काळा करायचा, पुढे जायचं.

फेब्रुवारीत नंदुरबारला हवा शिंकते.
धुळे रस्त्याला पथाऱ्यांवर मिरची पसरलेली,
नजर टाकावी तिथवर लाल,
आई दाताळ्याने ती वरखाली करते,
मी सावलीत देठ खुडते, किलोवर.
मांडीखाली मोबाईल, त्यात सराव परीक्षा,
बोट पुसून बोट लावते.

प्रश्न एकशे चौदा:
ओल्या मालात ऐंशी टक्के पाणी, सुक्यात दहा.
शंभर किलो ओल्याचे सुके किती?
ऐंशीतून दहा गेले सत्तर. सत्तर उडाले. उरले तीस.
मी तीस दाबलं.
चूक.
मोठ्याने बोलले असणार, कारण आई दाताळं टेकवून म्हणाली,
"तीस? तीस कोठून येतीन व?
शंभरले बावीस. लई झाले ते साडेबावीस."
पर्याय ब. बावीस पूर्णांक दोन.
सुपडू आबांनी काट्यावरून मान हलवली,
जणू त्यांनीच पेपर काढला होता.

मग मी देठांच्या ढिगाशेजारी बसून मांडलं:
पाणी गेलं, गर वीसच किलो राहिला,
पण हे वीस आता शंभराचे नव्हेत,
उरलेल्या मालाचे नव्वद टक्के आहेत.
खालचा आकडाच हलला होता.
कशाचे, सर विचारतात ते हे.

म्हणजे सुक्या मिरचीतही दोन किलो पाणी असतं, मी म्हटलं,
सगळंच का नाही सुकवत?
"समदं सुकाडशी ते चुरा व्हई जाई,"
आई म्हणाली, आणि दुसऱ्या टोकाला गेली.

परीक्षा जळगावला होती, सकाळच्या पाळीत.
आदल्या संध्याकाळपर्यंत खुडत होते,
ताकाने धुतले हात, तेल लावलं, लिंबू चोळलं.
पेपरात मिरची आली नाही, साखर आली नाही,
दोन नळ आले, एक गळकी टाकी आली,
आणि मग तो माणूस आला, घड्याळं घेऊन.
ओळखीचा दिसला म्हणून हसू आलं,
आणि मी नको तिथे बोट नेलं.

डोळे धो धो.
पर्यवेक्षक बाई वाकून हळूच म्हणाल्या,
रडू नकोस गं, एक प्रश्न सोडून दे.
मिरची आहे, मी म्हटलं.
त्यांना ते खरं वाटलं नाही.

त्या पाण्यात मिरचीचं किती टक्के होतं
हे मी सोडवत बसले नाही.
पाऊण मिनिट संपलं होतं.